दूधनोंदणीतील प्रामाण्य : ‘देते’ आणि ‘दिले’

१

दुभत्या जनावरांची दूधनोंदणी हा विषय पशुसंवर्धनशास्त्राचा आहे. भाषाविज्ञानाचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याकडे का वळावे, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर थोडक्यात असे की, दूधनोंद हे मुळात एक विधान असते. अमुक जनावराने अमुक दिवशी अमुक इतके दूध दिले, असे कोणीतरी सांगतो. दुसरा कोणीतरी ते लिहून घेतो. आणि तिसराच कोणी, ज्याने ते जनावर कधी पाहिलेले नाही, त्या लेखनाच्या आधारे निर्णय घेतो. विधानाचा अर्थ कोणता, त्याला आधार कोणता आणि त्याची जबाबदारी कोणावर, हे आपल्या अभ्यासाचे नित्याचे प्रश्न होत. दूधनोंदीची अचूकता आणि तिचे प्रमाणपत्र यांचा विचार अखेरीस याच तीन प्रश्नांपाशी येऊन पोहोचतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनाला एक ठिकाण हवे म्हणून मावळातील औंढे हे गाव नजरेसमोर ठेवू. लोणावळ्याच्या शेजारचा हा भाताचा मुलूख. येथे शेकडो जनावरांचे कळप नाहीत. घराला लागून एखादा गोठा, त्यात एक-दोन संकरित गाई किंवा एखादी म्हैस, आणि वैरणीला मुख्यतः भाताचा पेंढा. लोणावळ्यासारखी बाजारपेठ जवळ असल्यामुळे दुधाचा काही भाग रतिबाने जातो, काही संकलन केंद्रावर जातो, काही घरी राहतो आणि काही वासराच्या पोटात जातो. या चार वाटांपैकी नोंद कोणत्या वाटेवर व्हावयाची, हा पहिला प्रश्न येथेच उपस्थित होतो. रतिबाच्या दिनदर्शिकेवरील खुणा किंवा संकलन केंद्राची पावती ही विकलेल्या दुधाची नोंद असते. गाईच्या दुधाची नव्हे.

२

दूधनोंदणी कशासाठी करावयाची हे आधी स्पष्ट करणे इष्ट होईल. मालकाला आपल्या गाईचे दूध ठाऊक असतेच. त्याच्यापुरती वेगळ्या नोंदीची निकड भासत नाही. निकड भासते ती पैदाशीच्या संदर्भात. वळू स्वतः दूध देत नाही; त्याच्या अंगी असलेला दुधाचा गुण त्याच्या मुलींच्या दुधावरूनच कळतो. म्हणून एका वळूच्या रेतापासून निरनिराळ्या गावांत जन्मलेल्या मुलींच्या दुधाची नोंद ठेवावयाची, तिची इतर वळूंच्या मुलींशी तुलना करावयाची, आणि त्यावरून तो वळू पुढे वापरावा की नाही हे ठरवावयाचे, अशी ही पद्धत आहे. तिला संततिपरीक्षण म्हणतात. यास्काने निरुक्तात ‘दुहितृ’ शब्दाचे निर्वचन करताना ‘दुह्’ धातूचाही पर्याय दिला आहे. व्युत्पत्ती म्हणून तो कितपत ग्राह्य धरावा हा निराळा प्रश्न. परंतु संततिपरीक्षणात मुलीचे महत्त्व दोहनावरूनच ठरते, हे मात्र खरे.

या परीक्षणाला लागणारा काळ ध्यानात घेतला म्हणजे चुकीच्या नोंदीची किंमत कळते. कृत्रिम रेतनापासून कालवड जन्माला यावयास सुमारे नऊ महिने लागतात. ती कालवड पहिल्यांदा विण्यास अडीच-तीन वर्षे लागतात. तिचे पहिले वेत पुरे होण्यास आणखी दहा महिने. म्हणजे वळूविषयी पहिला निष्कर्ष निघावयास चार ते पाच वर्षे जातात. दरम्यान गोठवून ठेवलेल्या त्याच्या रेताच्या कांड्या हजारोंच्या संख्येने वापरावयाच्या की टाकावयाच्या, हे त्या निष्कर्षावर अवलंबून असते. औंढ्यासारख्या गावात एका कालवडीला तीन वर्षे पेंढा घालणारे कुटुंब ज्या भरवशावर हा खर्च करते, तो भरवसा अशा नोंदींतून तयार झालेला असतो. नोंदी खोट्या असतील तर हा तोटा कोणाच्या लक्षात येत नाही. गाईने कमी दूध दिले, एवढेच दिसते आणि दोष चाऱ्याला किंवा नशिबाला दिला जातो.

पुणे जिल्ह्याला या कामाचा इतिहास आहे. १८८९ साली अलाहाबाद येथे लष्कराचे पहिले दुग्धक्षेत्र सुरू झाले. पुढे खडकी आणि पिंपरी येथेही अशी क्षेत्रे चालत असत. प्रत्येक गाईचे दूध जागच्या जागी मोजून लिहिण्याची शिस्त तेथे होती, आणि देशभरच्या या क्षेत्रांतील नोंदींच्या आधारे साहिवाल व होल्स्टीन यांच्या संकरातून ‘फ्रीजवाल’ ही जात तयार करण्यात आली. ही दुग्धक्षेत्रे २०२१ मध्ये बंद झाली. तथापि लष्करी क्षेत्राची शिस्त गावच्या गोठ्याला जशीच्या तशी लागू पडणारी नव्हतीच. एका छपराखाली शेकडो गाई असताना नोंद ठेवणे हे कारकुनी काम होते. शेकडो छपरांखाली एक-एक गाय असताना ते क्षेत्रीय संशोधनाचे काम होते. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बायफ’ या संस्थेने नेमके हे दुसऱ्या प्रकारचे काम अंगावर घेतले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या क्षेत्रीय संततिपरीक्षण प्रकल्पात लुधियाना व मण्णुत्ती यांच्या जोडीने उरुळी कांचन हे एक केंद्र झाले, आणि शेतकऱ्यांच्या दारात जाऊन संकरित गाईंचे दूध मोजले जाऊ लागले. पुढे गोठ्यातूनच मोबाइलच्या लघुसंदेशाने आकडा पाठविण्याची पद्धतही या संस्थेने वापरात आणली.

३

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. औंढ्यात किंवा अन्य कोठेही गोठ्यासमोर उभे राहून ‘गाय किती दूध देते?’ असे विचारले, तर उत्तर तत्काळ मिळते: ‘चौदा लिटर देते.’ हे उत्तर खोटे असते असे नाही. पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे तपासावयास हवे.

‘देते’ हे रूप वर्तमानकाळाचे असले तरी येथे ते आजच्या घटनेविषयी काही सांगत नाही. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’, ‘तो दारू पितो’ या वाक्यांप्रमाणे ते स्वभाव किंवा रीत सांगते. स्वभाव सांगताना बोलणारा साहजिकच चांगल्यात चांगला दिवस नजरेसमोर ठेवतो. व्याल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास गाईचे दूध सर्वांत अधिक असते. नंतर ते उतरत जाते. ‘चौदा लिटर देते’ याचा अर्थ बहुधा ‘भरात असताना चौदा लिटर देते’ असा असतो. बाजारात हाच अर्थ ‘चौदा लिटरची गाय’ अशा षष्ठीच्या रूपाने येतो, आणि तेथे तर लिटर हा गाईचा जणू कायमचा गुणधर्मच होऊन बसतो. शिवाय ‘एका धारेला सात’ आणि ‘दोन्ही वेळचे मिळून चौदा’ यांत गोंधळ होतो तो निराळाच. मोजलेले दूध सांगितल्याने दृष्ट लागते, या समजुतीने कमी सांगणारेही आहेत. तेव्हा चूक एकाच दिशेने होते असेही गृहीत धरता येत नाही.

नोंदीला हवे असणारे वाक्य वेगळ्या घडणीचे आहे: ‘अमुक क्रमांकाच्या गाईने १२ तारखेच्या सायंकाळी ५.४ किलो दूध दिले.’ या दोन वाक्यांतील व्याकरणाचा फरक पाहण्याजोगा आहे. ‘गाय दूध देते’ यात क्रियापद गाईच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. ‘गाईने दूध दिले’ यात ते दुधाप्रमाणे चालते. कर्तरी प्रयोगातील वाक्य गाईविषयी मत सांगते. कर्मणी प्रयोगातील वाक्य घडलेल्या दोहनाचा वृत्तान्त देते. मत तपासता येत नाही. वृत्तान्त तपासता येतो, कारण त्याला दिवस असतो, वेळ असते, जागा असते आणि साक्षीदार असतो. दूधनोंदणीचे सारे नियम म्हणजे ‘देते’ या वाक्याचे ‘दिले’ या वाक्यात रूपांतर करण्याचे नियम होत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हे रूपांतर केल्याने किती फरक पडतो, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करू. एक गाय व्याल्यापासून विसाव्या दिवशी तिचे दूध १२ किलो भरले. त्यानंतर दर तीस दिवसांनी मोजता अनुक्रमे १४, १३, १२, ११, १०, ९, ८, ७ आणि २९०व्या दिवशी ६ किलो भरले, असे समजा. सर्वत्र रूढ असलेली हिशेबाची रीत अशी की, लागोपाठच्या दोन मापांची सरासरी काढून तिला मधल्या दिवसांनी गुणावयाचे. पहिल्या मापाच्या आधीचे दिवस पहिल्या मापाने आणि शेवटच्या मापानंतरचे दिवस शेवटच्या मापाने धरावयाचे. आणि तुलनेसाठी ३०५ दिवसांचे वेत प्रमाण मानावयाचे. या रीतीने पहिल्या वीस दिवसांचे २४०, मधल्या नऊ टप्प्यांचे २,७९० आणि अखेरच्या पंधरा दिवसांचे ९० मिळून ३,१२० किलो होतात. मालकाच्या शब्दावर विसंबून चौदाला ३०५ने गुणले असते, तर ४,२७० किलो झाले असते. म्हणजे फुगवटा एक तृतीयांशाहून अधिक. आणि मालक तर खोटे बोललेला नाही.

४

‘दिले’ हे वाक्य लिहिले म्हणजे काम संपले असे नाही. त्यातील प्रत्येक पद खरे असले पाहिजे. ती पदे एकेक करून पाहू.

पहिले पद गाईचे. ‘औंढे’ एवढेच म्हटल्याने गाव निश्चित होत नाही, कारण औंढे खुर्द आणि औंढे बुद्रुक अशी दोन गावे आहेत. फारसीतील लहान आणि थोर या अर्थांच्या दोन विशेषणांनी हा घोटाळा जुन्या महसुली दप्तराने मिटविला. गोठ्यातही तोच प्रश्न असतो. ढवळी, कपिली, चांदी ही नावे रंगावरून किंवा लक्षणावरून पडतात, आणि एका गोठ्यापुरती ती पुरेशी असतात. पण गावात चार कपिली असू शकतात, आणि आई गेल्यावर तिचे नाव लेकीला मिळू शकते. संकरित गाई बहुतांशी काळ्या-पांढऱ्याच असल्याने रंगाचा आधारही उरला नाही. म्हणून कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला मारण्याची पद्धत आली. हा क्रमांक ‘भारत पशुधन’ या राष्ट्रीय संगणकीय नोंदीत दाखल होतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली दुधाचे प्रति लिटर पाच रुपये अनुदान या बिल्ल्याच्या नोंदीशी जोडले. भाषेच्या दृष्टीने बिल्ला हे शुद्ध विशेषनाम आहे: त्याला अर्थ नाही, फक्त निर्देश आहे, आणि त्याचा गुण तोच.

परंतु हे विशेषनाम मोठ्याने वाचून दाखविताना मराठीची एक अडचण आडवी येते. आपल्या संख्यावाचकांत एकक आधी आणि दशक नंतर असतो: त्रेपन्न म्हणताना तीन आधी उच्चारला जातो आणि लिहिताना पाच आधी लिहावा लागतो. एक जण बिल्ला जोडी-जोडीने वाचतो आणि दुसरा लिहितो, तेव्हा ५३चे ३५ होण्याचा संभव या रचनेतच आहे. त्यात ‘एकोणसाठ’ व ‘एकोणसत्तर’ ही नावे पुढच्या दशकावरून घडलेली, ‘बासष्ट’ व ‘बाहत्तर’ ही पावसाच्या आवाजात सारखी ऐकू येणारी. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ यांसारखी पर्यायी वाचने दिली, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला होता. त्या वादात कोणतीही बाजू घेण्याची येथे गरज नाही. बिल्ल्याचा क्रमांक मात्र एकेक अंक सुटा उच्चारून वाचावा आणि लिहिणाऱ्याने तो तसाच परत वाचून दाखवावा, एवढा नियम या निरीक्षणावरून निश्चित काढता येतो.

दुसरे पद मापाचे. दूध पाण्याहून किंचित जड असल्यामुळे दहा लिटर दूध सुमारे १०.३ किलो भरते. एका गावाने लिटर लिहिले आणि दुसऱ्याने किलो, तर मध्ये तीन टक्क्यांचे अंतर पडते. मापाने मोजताना फेसही मोजला जातो. म्हणून वजन करणे अधिक चांगले. स्निग्धांशाच्या बाबतीत तर आणखी जपावे लागते. धारेच्या सुरुवातीचे दूध पातळ आणि अखेरचे दाट असते, तेव्हा सगळे दूध ढवळून मगच नमुना घ्यावयास हवा. वासराला पाजून पान्हा आणण्याची आपली रीत असल्याने त्याचा वाटाही मापाबाहेर राहतो. एखादा सड वासरासाठी राखून ठेवला असेल तर तसे लिहिले पाहिजे.

तिसरे पद काळाचे, आणि येथे बोलीतील शब्दांचा प्रश्न येतो. ‘वेत’ हा शब्द विण्याची घटना आणि त्यानंतरचा दुधाचा काळ या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. गाय गाभडली आणि तरीही दुधावर आली, तर ते वेत मोजावयाचे की नाही, याविषयी मालकाची समजूत आणि नोंदपत्रकाची व्याख्या जुळेलच असे नाही. ‘भाकड’ या शब्दाचेही तसेच. कोणी दूध आटलेल्या प्रत्येक गाईला भाकड म्हणतो. कोणी गाभण असून आटवलेल्या गाईला ‘आटलेली’ म्हणून वेगळे काढतो आणि जी गाभही धरत नाही व दूधही देत नाही तिलाच भाकड म्हणतो. इंग्रजी पत्रकाच्या भाषांतरात एका चौकटीपुढे नुसते ‘भाकड’ असे छापले, तर दोन शेजारी एकाच अवस्थेतील गाईंची दोन उत्तरे देतील आणि दोघेही बरोबर असतील. ही चूक मोजणीची नव्हे, पत्रकाची आहे. आणि बोलीचा अभ्यास असलेल्या माणसाने ते पत्रक आधी पाहिले असते, तर ती टळण्यासारखी आहे.

५

एवढी काळजी घेऊनही चुका राहणारच. त्या ओळखावयाच्या कशा? येथे भाषेच्या एका सर्वपरिचित गुणाचे स्मरण करणे उपयोगी ठरेल. भाषा एकच गोष्ट दोनदोनदा सांगते. ‘तांबडी गाय व्याली’ यात स्त्रीलिंग विशेषणात, नामात आणि क्रियापदात असे तीन वेळा व्यक्त झाले आहे. ही अतिरिक्तता वरवर व्यर्थ वाटते. पण वाक्यातला एखादा शब्द नीट ऐकू आला नाही तरी उरलेल्यांवरून तो सावरता येतो, आणि विसंगती असेल तर कानाला खटकते. चांगल्या नोंदवहीत अशीच अतिरिक्तता मुद्दाम ठेवलेली असते.

उदाहरणार्थ, रेतनाची तारीख आणि विण्याची तारीख स्वतंत्रपणे लिहिल्या, तर त्या परस्परांची परीक्षा करतात. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा आणि म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा. एखाद्या गाईच्या दोन तारखांत ३०१ दिवस आढळले, तर शंका घेतली पाहिजे: माज दर एकवीस दिवसांनी येतो, तेव्हा पहिले रेतन फुकट जाऊन पुढच्या माजाला गावातल्या एखाद्या वळूने तर गाय फळली नसेल? तसे असेल, तर ही कालवड ज्या वळूची मुलगी म्हणून लिहिली आहे त्याची ती नव्हेच, आणि तिचे दूध कितीही काळजीपूर्वक मोजले तरी ते भलत्याच्या खात्यावर जमा होणार. दूध मोजण्यातील अचूकता पितृत्वाच्या चुकीला झाकू शकत नाही.

आकड्यांची रूपेही बोलतात. प्रत्यक्ष वजन केलेले असेल तर दशांशस्थानी सगळेच अंक येतात; पानभर ५.०, ६.५, ६.०, ५.५ असेच आकडे असतील, तर ते काट्यावरून नव्हे, अंदाजावरून आलेले आहेत असे समजण्यास हरकत नाही. सलग चार महिने एकच आकडा असेल, तर तो वेताच्या चढउताराशी विसंगत होय. हे सर्व पाहण्यासाठी गोठ्यावर जाण्याचीही आवश्यकता नसते. तरीसुद्धा पर्यवेक्षकाने न कळविता जाऊन काही गाई पुन्हा मोजाव्यात, हा नियम चांगल्या संस्था पाळतात, आणि तो योग्यच आहे.

कोऱ्या जागेविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. श्रावणात एखाद्या गोठ्यापर्यंत पोहोचता येणार नाही, हे गृहीतच धरावे. वरील उदाहरणात पन्नासाव्या दिवसाचे १४ किलोंचे माप चुकले आणि २० ते ८० हा टप्पा एकदमच धरला, तर ७९५ऐवजी ७५० किलो येतील. म्हणजे साऱ्या वेतात ४५ किलोंची, दीड टक्क्याहूनही कमी अशी तूट पडेल. याउलट नोंदकर्त्याने घरी बसून १६ किलो लिहिले, तर ८५५ किलो येतील. चूक पहिल्याहून फारशी मोठी नाही, ६० किलोंचीच. पण कोरी जागा वाचणाऱ्याला दिसते आणि रचलेला आकडा दिसत नाही. महिन्याला ठरावीक नोंदी भरल्याच पाहिजेत असा धाक असेल, तर कोऱ्या जागा कमी होतात आणि रचलेले आकडे वाढतात, हे व्यवस्थापकांनी विसरू नये.

चुकांचा एक भेदही लक्षात ठेवावयास हवा. कधी थोडे अधिक, कधी थोडे उणे अशा चुका अनेक मुलींच्या सरासरीत बऱ्याच अंशी विरून जातात. पण एखाद्याचा काटाच दर वेळी अर्धा किलो जास्त दाखवीत असेल, आणि त्याच्या हाताखालच्या गावांत एकाच वळूच्या मुली असतील, तर काट्याचा दोष वळूचा गुण म्हणून नोंदला जाईल. म्हणूनच एका वळूच्या मुली अनेक गावांत आणि अनेक नोंदकर्त्यांकडे विखुरलेल्या असाव्या लागतात.

६

येथवर अचूकतेचा विचार झाला. आता प्रमाणपत्राचा करू. डेन्मार्कमध्ये वेयेन येथे १८९५ साली शेतकऱ्यांनी एकत्र येऊन दूधतपासणीचा पहिला संघ काढला, आणि ही चळवळ युरोपभर पसरली. देशोदेशींच्या नोंदी परस्परांशी ताडून पाहण्याची वेळ आली, तेव्हा १९५१ मध्ये रोम येथे एक समिती स्थापन झाली. तीच आजची पशुनोंदणीची आंतरराष्ट्रीय समिती होय. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे ‘आयसीएआर’ अशीच आहेत, आणि १९२९ साली स्थापन झालेल्या आपल्या कृषी अनुसंधान परिषदेचीही तीच. भारतीय वाचकाने या दोन संस्थांची गल्लत करू नये.

या समितीच्या नियमांत नोंदीच्या पद्धतींना अक्षरे दिली आहेत. संस्थेने नेमलेल्या नोंदकर्त्याने सर्व मापे घेतली, तर ती ‘ए’ पद्धत. मालकाने किंवा त्याच्या माणसाने घेतली, तर ‘बी’. दोघांनी मिळून घेतली, तर ‘सी’. अक्षराला जोडून येणारा अंक दोन मापांमधील आठवड्यांचा. चार आठवड्यांनी नोंदकर्त्याने घेतलेले माप हा तुलनेचा मानदंड समजला जातो. मालकाची नोंद येथे त्याज्य मानलेली नाही, हे विशेष. ती कोणाची आहे हे सांगितले पाहिजे, एवढीच अट आहे.

मराठीच्या अभ्यासकाला ही व्यवस्था ओळखीची वाटावी. ‘ही गाय बारा लिटर देते’ आणि ‘ही गाय म्हणे बारा लिटर देते’ या वाक्यांतील माहिती एकच आहे. ‘म्हणे’ने फक्त माहितीचा उगम सांगितला. काही भाषांत तर बोलणाऱ्याने पाहिले, ऐकले की तर्काने जाणले, हे क्रियापदाच्या रूपातच दाखवावे लागते. ‘बी’ हे अक्षर म्हणजे नोंदवहीतले ‘म्हणे’ होय. संगणकात आकडा शिरताना हे ‘म्हणे’ गळून पडते, आणि ऐकीव व पाहिलेले आकडे एकाच रकान्यात शेजारी शेजारी बसतात. तेथून पुढे त्यांना वेगळे करणे कोणालाही शक्य नसते.

समितीचे गुणवत्ता प्रमाणपत्र हे याच जाणिवेतून आले आहे. ते गाईला मिळत नाही आणि एकेका आकड्यालाही मिळत नाही. ते नोंदणी करणाऱ्या संस्थेला, तिच्या कार्यपद्धतीची त्रयस्थाकडून तपासणी झाल्यावर, ठरावीक मुदतीपुरते मिळते. जनावराची ओळख कशी पटविली जाते, मापनयंत्रे केव्हा तपासली जातात, प्रयोगशाळा कशी चालते, आकडे साठविताना कोणत्या कसोट्या लावल्या जातात, हे तेथे पाहिले जाते. गाईपासून आकड्यापर्यंतची वाट दुसऱ्या कोणालाही पुन्हा चालून पाहता येईल अशी ठेवली आहे, एवढेच हे प्रमाणपत्र सांगते.

आपल्याकडे प्रमाणाची एक जुनी रीत आहे. तिच्याशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक उलगडेल. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात. दुधात पाणी नाही, याला याहून चांगले प्रमाण कोणते? पण ते प्रत्यक्षप्रमाण आहे, आणि ते तेथे उभ्या असलेल्या माणसापुरते, त्या धारेपुरते आहे. त्याच म्हशीने वेतात किती दूध दिले, तिचा बाप कोण, हे कट्ट्यावर कळत नाही. संततिपरीक्षणाला शब्दप्रमाणाची गरज पडते, आणि शब्दप्रमाण हे आप्तवचन असावे लागते. आधुनिक प्रमाणपत्र म्हणजे संस्थेच्या आप्तत्वाची परीक्षा होय.

यंत्रे आली म्हणून ही परीक्षा अनावश्यक होत नाही. बिनतारी जोडणीच्या तराजूने वजन थेट मोबाइलमध्ये उतरते, त्यामुळे लिहिण्यातील चूक टळते, हा लाभ मोठा आहे. पण तराजूवरचे दूध कोणत्या गाईचे, वासरू आधी पाजले होते का, बादलीत दुसऱ्या गाईचे दूध मिसळले होते का, हे तराजूला कळत नाही. शिवाय बिल्ल्याशी अनुदान जोडले गेले की नोंदीत मालकाचा आर्थिक हितसंबंध शिरतो, आणि वक्त्याचा हितसंबंध कोणता, हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक काळजीने विचारावा लागतो.

७

तात्पर्य, दूधनोंदीची अचूकता ही नुसती काट्याची अचूकता नव्हे. ओळख, माप, काळ, पितृत्व आणि उगम ही विधानाची पाचही अंगे शाबूत असतील, तरच ‘दिले’ हे वाक्य प्रमाण ठरते. एरवी ते वेष पालटलेले ‘देते’च असते. या कामातील पुष्कळसा भाग पशुवैद्यकाचा आणि संख्याशास्त्रज्ञाचा आहे. पण पत्रकातील शब्द, प्रश्न विचारण्याची रीत, संख्यांचे वाचन आणि ऐकीव माहितीची खूण या चार गोष्टी आपल्या क्षेत्रात येतात.

त्या दृष्टीने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एक मर्यादित काम सुचवावेसे वाटते. मावळ, घाटाखालचे कोकण आणि पूर्वेकडचा देश या तीन पट्ट्यांत वेत, भाकड, आटणे, गाभडणे, पान्हा, धार, पहिलारू या शब्दांच्या अर्थांची गोठ्यागोठ्यातून नीट तपासणी करावी. एकाच शब्दाचे अर्थ कोठे बदलतात, ते नकाशावर दाखवावे. आणि त्यावरून नोंदपत्रकातील प्रत्येक चौकटीसाठी, ज्याचा दुसरा अर्थ होणार नाही असा प्रश्न मराठीत रचावा. धारा काढण्याचे काम बहुशः घरातील स्त्रिया करतात, तेव्हा माहिती त्यांच्याकडून घ्यावी. दारात बसलेल्या पुरुषाच्या उत्तरावर थांबू नये. असे पत्रक तयार झाले, तर औंढ्याच्या गोठ्यात लिहिलेला आकडा आणि उरुळी कांचनच्या संगणकातील आकडा यांचा अर्थ एकच राहील. कालवडीला तीन वर्षे वाढविणाऱ्या कुटुंबाचे आपल्यावर तेवढे देणे आहे.